रासबेरी : तिचीं रानटी भावंडें व तिचे रोग

कळवण तालुक्याच्या पश्चिम भागांत व लगतच्या सुरगाणे तालुक्यांत स्ट्रॉबेरीची लागवड रुजली आहे. तिचा पैसा हातीं येतांना पाहून “आतां रासबेरी कां लावूं नये?” असें कित्येक शेतकरी बंधु आम्हांस विचारतात. त्यांच्या माहितीसाठीं हा लेख लिहीत आहों.

रासबेरी ही गुलाबाच्या कुळांतील कांटेरी वनस्पति होय. फळ तुतीसारखें दिसतें. परंतु तुती अनेक फुलांची मिळून होते, तर रासबेरीच्या एकाच फुलापासून अनेक रसाळ दाण्यांचें फळ बनतें. तोडतांना आंतील गाभा झाडासच राहतो व फळ टोपीसारखें पोकळ निघतें. ब्लॅकबेरीचा गाभा फळाबरोबर येतो, हाच दोहोंतील भेद. मूळ अनेक वर्षें जगतें. पण बहुतेक जातींत वरील फांटा पहिल्या वर्षीं वाढतो, दुसऱ्या वर्षीं फळतो व वाळतो. म्हणून बहार संपतांच फळलेला फांटा बुडाशीं कापावा.

विलायती तांबडी रासबेरी थंड देशांतली. तिच्या बहुतेक जातींस फुलण्यापूर्वीं ७ अंशांखालील थंडी सुमारें ८०० तास वा त्याहून अधिक लागते. एवढी थंडी आपणांकडे पडत नाहीं, आणि वैशाखाचें ऊनहि तिला सोसत नाहीं. तिचीं दोन रानटी भावंडें मात्र आपल्याच देशांतलीं आहेत. एकाचें फळ पिवळें, फांट्यावर तांबूस केंस. कुमाऊंकडे त्यास हिसालू म्हणतात. दुसरें म्हैसूर रासबेरी. हिचा फांटा पांढुरका व फळ पिकल्यावर काळसर जांभळें होतें. हिला कडक थंडीची गरज नाहीं, म्हणून उष्ण मुलखांत हीच निवडतात. पण बेसावध राहूं नये. पक्षी बीं पसरवितात. हवाई बेटांत हिसालूनें व गालापागोस बेटांत म्हैसूर रासबेरीनें रानेंच्या रानें व्यापलीं आहेत.

आतां रोगांकडे वळूं.

करडी बुरशी : ओलसर हवेंत पिकतें फळ राखाडी लवेनें झांकून सडतें. फांटे विरळ ठेवावे, पाणी फळांवर न शिंपडतां बुडाशीं द्यावें, सडकें फळ वेंचून शेताबाहेर पुरावें.

फांट्यावरील करपा : कोंवळ्या फांट्यावर जांभळट ठिपके पडतात व मध्यें राखी रंगाचे होतात. असे फांटे कापून जाळावे.

मर व मूळकूज : मरीची बुरशी जमिनींत वर्षानुवर्षें राहते. टोमॅटो, वांगीं, बटाटा व मिरची हीं पिकें, तसेंच स्ट्रॉबेरीहि, तिचें घर होय. त्यांच्या मागून त्याच वाफ्यांत रासबेरी लावूं नये. पाणी सांचणाऱ्या काळ्या जमिनींत मुळें कुजतात; निचऱ्याची मुरमाड जमीन वा उंच वरंबा निवडावा.

विषाणु : पानें चुरडतात, चित्रविचित्र होतात. मावा हा रोग पसरवितो. औषध नाहीं, झाड उपटावें.

मूळगांठ : हा जंतुजन्य रोग जखमेंतून शिरतो व गुलाबासहि जडतो. याविषयीं आमचा अनुभव सांगणें अवश्य वाटतें. आम्हीं एका रोपवाटिकेंतून बारा रोपें आणिलीं. पांचांच्या बुडाशीं खडबडीत गांठी होत्या. नवे कोंब फुटत असावे अशा समजुतीनें आम्हीं तीं लाविलीं. दुसऱ्या वर्षीं तीं खुरटलींच, शिवाय शेजारच्या तीन रोपांसहि गांठी आल्या. शेवटीं बाराहि उपटावीं लागलीं. उभी हयात सरकारी कागद उलटसुलट पाहण्यांत गेली, आणि रोपाचें मूळ तेवढें उलटून पाहिलें नाहीं! या गांठींवर इलाज नाहीं, व जंतु त्या जागेंत पुढें वर्षानुवर्षें राहतो. म्हणून रोप घेतांना माती झाडून मूळ पाहावें. गांठ दिसल्यास फुकट मिळालें तरी परत करावें.

सारांश, कर्ज काढून एकरभर लावूं नये. फळ तोडल्यावर एकदोन दिवसांतच नासतें, आणि नाशिकची पेठ येथून सुमारें ८० किलोमीटर आहे. प्रथम दहाबारा निरोगी रोपें लावून दोन बहार पाहावे. मुरंबा वा सरबत करणारा गिऱ्हाईक आधीं ठरवावा. पुढें लागवड वाढविल्यास ई-पीक पाहणींत तिची नोंद स्वतः करावी. सन २०२१ पासून ती सोय मोबाइलवर आहे. अवकाळी पावसानें नुकसान झालें म्हणजे पंचनाम्याच्या वेळीं प्रथम सातबारावरील पीक पाहतात, हें विसरूं नये.