फुंकर सांगते श्वासनलिकेचे, अन्ननलिकेचे नव्हे

घास छातीत अडकतो, प्रत्येक घासाबरोबर पाण्याचा घोट लागतो, सगळे पानावरून उठले तरी याचे जेवण चालूच! अशी तक्रार घेऊन तरुण रुग्ण आला आणि त्याला दमा किंवा शिंकांची अॅलर्जीही असली, की मला केवळ आम्लपित्त म्हणून भागवता येत नाही. अन्ननलिकेच्या अस्तराला अॅलर्जीने आलेली सूज असू शकते. १९९०च्या दशकात हा विकार स्वतंत्र आजार म्हणून ओळखला गेला.

यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अन्ननलिकेत गोळा होतात. निरोगी अन्ननलिकेत त्या नसतात. दूध, गहू, अंडी अशा पदार्थांतील प्रथिने बहुधा याला कारण ठरतात. निदानासाठी दुर्बिणीतून अस्तराचे निदान सहा तुकडे घेतात. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात अशा १५ किंवा अधिक पेशी दिसल्या आणि इतर कारणे वगळली, की निदान पक्के होते.

दुर्बीण नको असलेले रुग्ण मग मला विचारतात, “डॉक्टर, दम्यासाठी यंत्रात फुंकर मारतात, त्यावरून नाही का कळणार?” प्रश्न रास्त आहे. अॅलर्जीने सुजलेल्या श्वासनलिकांतून नायट्रिक ऑक्साइड वायू जास्त बाहेर पडतो. प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण अब्जात २५ भागांहून कमी असेल तर ते कमी, आणि ५० हून जास्त असेल तर ते जास्त समजतात. दोन्ही आजारांत पेशी त्याच, म्हणून संशोधकांनीही ही तपासणी अन्ननलिकेसाठी करून पाहिली. पण फुंकरीचा आकडा आणि अन्ननलिकेतील पेशी यांचा भरवशाचा मेळ बसला नाही.

कारण साधे आहे. फुंकरीतली हवा फुप्फुसातून येते, अन्ननलिकेतून नव्हे. दमा असला तर आकडा वाढतो, धूम्रपानाने तो उतरतो. म्हणून आकडा चांगला आला तरी अन्ननलिका निरोगी आहे असे समजू नये.

उपचारांनी त्रास थांबला तरी सूज शिल्लक राहू शकते, त्यामुळे दुर्बीण पुन्हा करावी लागते. दुर्लक्ष केल्यास वर्षानुवर्षांच्या सुजेने अन्ननलिका अरुंद होते. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या, गिळायचे स्टेरॉइड आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक पदार्थ वर्ज्य करणे, हे उपाय उपलब्ध आहेत.

घास अडकून लाळही गिळता येत नसेल, तर केळे किंवा पाणी देऊन तो ढकलू नका. तडक रुग्णालय गाठा.