अभयारण्याच्या काठावर मुक्काम

मलकापूरहून सकाळी निघून रात्री परत येता येईल, अशी दोन संरक्षित जंगले बुलढाणा जिल्ह्यात आहेत. दक्षिणेला मोताळ्यापुढे अजिंठ्याच्या डोंगररांगेत ज्ञानगंगा अभयारण्य लागते. उत्तरेला पूर्णा ओलांडून गेल्यावर संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या उतारावर अंबाबरवा अभयारण्य आहे. दोन्ही 1997 साली घोषित झाली. ज्ञानगंगेचे क्षेत्र सुमारे 205 चौरस किलोमीटर, तर अंबाबरव्याचे सुमारे 127 चौरस किलोमीटर आहे. अंबाबरवा मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडते. 1973-74 मध्ये देशात सुरू झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी मेळघाट एक. दोन्हीकडे डोंगरांच्या कुशीत उतरणारी खोरी आहेत, पावसाळ्यात खळाळणारे नाले आहेत, आणि साग, सालई, अंजन, मोह असे पानगळीचे रान आहे. दिवसाचे फिरणे सोपे आहे. अडते ते रात्रीच्या मुक्कामाशी.

मुक्कामाची जागा शोधताना देखाव्याआधी सातबारा पाहावा, हा इकडच्या भागात फिरणाऱ्यांचा पहिला धडा. एकाच खोऱ्यात अभयारण्याची हद्द, प्रादेशिक वनविभागाचे राखीव वन, धरणाची पाटबंधारे खात्याची जमीन, गावठाण आणि खासगी शेती एकमेकांना खेटून असतात. डोळ्यांना ते सगळे एकसारखेच हिरवे दिसते, पण प्रत्येक पट्ट्याचा मालक वेगळा आणि नियमही वेगळा. चौकशी कुठे करायची यावरही बरेच अवलंबून असते. ज्ञानगंगा अकोला वन्यजीव विभागाकडे आहे, तर अंबाबरवा अकोट वन्यजीव विभागाकडे. जंगल बुलढाणा जिल्ह्यात म्हणून बुलढाण्याच्या प्रादेशिक वन कार्यालयात जाणाऱ्याचा दिवस हेलपाट्यात जातो. मुक्कामाच्या आधी चार दिवस संबंधित परिक्षेत्र कार्यालयात फोन करून नाव, माणसे, गाडीचा क्रमांक आणि तारीख सांगितली, की पुढचे बरेच प्रश्न उरत नाहीत.

अभयारण्याच्या आत स्वतःचा तंबू ठोकून राहण्याची मुभा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मधील कलम 27 नुसार अभयारण्यात शिरायलाच परवाना लागतो, आणि तो कलम 28 खाली मिळतो. स्थानिक रहिवाशांना आणि सार्वजनिक रस्त्याने ये-जा करणाऱ्यांना या अटीतून सूट आहे. या शेवटच्या सवलतीचा अर्थ लोक सोयीने लावतात. खामगाव-बुलढाणा रस्ता बोथ्याजवळ ज्ञानगंगेतून जातो. डांबरी रस्ता, एसटीची वर्दळ, वळणावर मोकळी जागा, समोर दरी, असे पाहून सतरंजी पसरण्याचा मोह होतो. पण सूट रस्त्यावरून पुढे जाण्यापुरतीच आहे. साइडपट्टी सोडून पाऊल खाली टाकले, की अभयारण्यात विनापरवाना प्रवेश झाला. तिथे चूल मांडली तर कलम 30 चा प्रश्न वेगळाच उभा राहतो, कारण अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवणे किंवा तसाच सोडून जाणे हा गुन्हा आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून सागाची पाने गळून जमिनीवर वाळलेला थर साचतो आणि गवत कडकडीत होते. अशा वेळी न विझलेल्या तीन दगडांच्या चुलीतून निघालेली ठिणगी वनमजुरांना रात्रभर आगीमागे पळवते. म्हणून जंगलालगत, हद्दीबाहेर मुक्काम असला तरी शेगडी गॅसची न्यावी, किंवा स्वयंपाक गावात करून घ्यावा.

या जंगलांना मोकळ्या माळासारखे समजू नये, याला दुसरेही कारण आहे. 2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, रेडिओ कॉलर लावलेला वाघ सुमारे 1300 किलोमीटर चालून त्याच वर्षाअखेर ज्ञानगंगेत पोचला. लोकांनी त्याला ‘वॉकर’ नाव दिले. वाटेत त्याने शेते, रस्ते आणि गावांच्या शिवा ओलांडल्या होत्या. जंगली जनावर नकाशावरची हद्द पाळत नाही. मात्र ज्ञानगंगेत माणसाने वाघापेक्षा जपायला हवे ते अस्वलापासून. फेब्रुवारी-मार्चनंतर मोहाची फुले पडू लागतात, तेव्हा अस्वले रात्री आणि पहाटे मोहाखाली येतात. फुले वेचायला माणसेही त्याच वेळी जातात, आणि गाठ पडते ती तिथेच. सावली दाट म्हणून मोहाखाली अंथरूण टाकणे हा या दिवसांत जिवाशी खेळ आहे.

सरकारी निवासात राहणे सर्वांत निर्धोक. वनविभागाची विश्रामगृहे आणि पर्यटन संकुले कुंपणात असतात, राखणीला माणूस असतो आणि सकाळच्या सफारीची व्यवस्था तिथूनच होते. पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. जुनी विश्रामगृहे मुळात खात्याच्या अधिकाऱ्यांच्या दौऱ्यासाठी बांधलेली आहेत, आणि त्यांचा हक्क पहिला. तोंडी शब्दावर खोली मिळते, तशी तोंडी शब्दावर जातेही. प्रस्तुत लेखक एकदा कुटुंबासह अशाच एका विश्रामगृहाच्या फाटकाशी दिवेलागणीला पोचला, तेव्हा चौकीदाराने नम्रपणे सांगितले की साहेब येणार आहेत, खोली देता येत नाही. चौकीदाराचा त्यात काही दोष नव्हता. त्याने लेकरांना पाणी दिले, आणि रस्त्यात कुठे थांबू नका असे बजावून परत पाठवले. अशा वेळी पैसे भरल्याची पावती किंवा ऑनलाइन आरक्षणाची छापील प्रत हातात असली तर बोलायला आधार असतो. तरीही दुसरा मुक्काम आधीच ठरवलेला असावा, आणि तो सूर्यास्तानंतर तासाभरात गाठता येईल इतक्या अंतरावर असावा.

अंबाबरव्याच्या बाजूने हा दुसरा मुक्काम म्हणजे शेगाव. गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासांत माफक दरात स्वच्छ खोली मिळते. वरवट बकालमार्गे गाडीने अंबाबरव्यालगतच्या सोनाळ्याकडे जाता येते, आणि मलकापूरहून शेगावला रेल्वे आहेच. तिथेही पथ्ये आहेत. ही निवासे भाविकांसाठी आहेत, पर्यटकांचे हॉटेल म्हणून तिकडे पाहू नये. मद्य आणि मांसाहार वर्ज्य, आणि ओळखपत्र प्रत्येकाचे हवे. प्रगटदिन, रामनवमी, ऋषिपंचमी आणि एकादशीच्या दिवसांत खोलीची आशा धरू नये. गुरुवारीही गर्दी असते. भक्तनिवासाच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून लोकांचे पैसे लुबाडल्याचे प्रकार घडले आहेत, त्यामुळे अनोळखी क्रमांकावर आगाऊ रक्कम पाठवू नये. ज्ञानगंगेसाठी बुलढाणा किंवा खामगाव सोयीचे. दोन्हीकडे साधे लॉज आहेत, आणि बोथ्याचे जंगल दोहोंच्या मधोमध.

तंबूचीच हौस असेल तर ओळखीच्या शेतकऱ्याचा मळा ही योग्य जागा. सोनाळा-टुनकीच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागा आहेत, विहिरीवर मोटरपंप आहेत, कडेला जागलीचे मचाण असते. मालकाची परवानगी घ्यावी आणि गावच्या पोलीस पाटलांच्या कानावर घालून ठेवावे. मुक्कामाला पोचल्यावर अंधार पडायच्या आधी बांधावरून एक फेरी मारावी, तीही शेतकऱ्याला सोबत घेऊनच. रानडुकरांसाठी शेताभोवती झटका मशीनची तार लावलेली असते. तिचा झटका जोराचा असतो, पण तो क्षणभराचा. काही ठिकाणी मात्र लोक थेट खांबावरून वीज घेऊन तारेत सोडतात. ते बेकायदा आहे, आणि त्या तारेला पाय लागलेला माणूस वाचत नाही. गुडघ्याखाली, तुरीच्या ओळीआड गेलेली बारीक तार बॅटरीच्या उजेडात दिसतही नाही. म्हणून तार कोणत्या बांधाला आहे, कधी चालू करतात आणि शेजारच्या वावरात काय आहे, हे तीनही प्रश्न विचारावेत. शेजारच्याचे उत्तर माहीत नसेल तर रात्री त्या दिशेला जाऊ नये.

जमिनीवर झोपू नये. मण्यार रात्री फिरणारा साप आहे, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात तो शिरतो. त्याचा दंश अनेकदा दुखतही नाही आणि खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, तेव्हा कुठे उमगते. शेतकऱ्याकडे बाज असते. ती मागून घ्यावी, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली घट्ट खोचाव्यात. तंबूच असेल तर चेन एक बोटभरही उघडी ठेवू नये.

पाण्याची जवळीक धोक्याची. नाल्याच्या कोरड्या पात्रातली वाळू मऊ आणि सपाट असते, म्हणून तंबू नेमका तिथे पडतो. पण सातपुड्यात वर पाऊस झाला की खाली ढगही नसताना लोंढा येतो. जुलै 2023 मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत एका रात्रीच्या पावसाने नद्यानाले गावांत शिरले, शेतांची माती वाहून गेली. पात्रापासून दूर, उंचवट्यावरच थांबावे. वान नदीवर वारी भैरवगडजवळचा मामा-भाचा डोहही पाण्याच्या धोक्यांत सांगावा लागतो. वर धरण, बाजूला हनुमानाचे देवस्थान, समोर निवळशंख पाणी, त्यामुळे सहलीला येणारी मुले उतरतात. खडकाखाली खोली एकदम वाढते, आणि तिथे अनेकांचे जीव गेले आहेत. पोहता येणाऱ्यानेही त्यात उतरू नये.

हंगामाचेही गणित आहे. श्रावणात खोरी सर्वांत देखणी दिसतात, पण व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन पावसाळ्यात बंद असते. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचे दिवस मुक्कामाला उत्तम: नाल्यांत पाणी टिकून असते, आगीची भीती नसते. जंगलाच्या आत रात्र काढायचीच असेल, तर वैशाखातली बुद्धपौर्णिमा ही कायदेशीर संधी आहे. त्या रात्री वनविभाग नाव नोंदवलेल्यांना पाणवठ्यावरच्या मचाणावर बसवतो. जागा मोजक्या असतात आणि नोंदणी काही दिवस आधी सुरू होते. फ्लॅश, अत्तर, भडक कपडे आणि विस्तव यांना मनाई असते, आणि सकाळी कर्मचारी न्यायला येईपर्यंत खाली उतरायचे नसते.

डोंगरात शिरल्यावर मोबाइलची रेंज जाते. मुक्कामाचे गाव, शेतमालकाचा क्रमांक आणि परतण्याची वेळ घरी लिहून ठेवावी. वनविभागाची मदतवाहिनी 1926, रुग्णवाहिका 108 आणि पोलीस 112 हे क्रमांक लेकरांनाही पाठ असावेत. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे न थांबता, दंशाची जागा न कापता व न आवळता, सर्पदंशाची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. लस कुठे आहे याची चौकशी मुक्कामाला निघण्याआधीच केलेली असावी.