मुंबईचा पाऊस, भरती आणि लोकलगाडी
(वरच्या इयत्तांसाठी भूगोलाचा एक पाठ)

मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारपट्टीवर असा वर्ग विरळाच, की ज्यातील एकाही मुलाचा बाप, काका वा मामा मुंबईस नोकरीला नाही. हा चाकरमानी मुलांस दिसतो तो गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात. उरलेले वर्ष तो कसा काढतो, कामावर कसा जातो, हे मुलांस क्वचितच ठाऊक असते. पावसाळ्यात ‘मुंबईत पाणी भरले, गाड्या बंद पडल्या’ अशी बातमी आली की घरातील वडीलधारी माणसे काळजीत पडतात आणि मुले ती काळजी नुसती पाहत राहतात. ‘आपल्याकडे तर मुंबईपेक्षा जास्त पाऊस पडतो, मग गाड्या तिथे का अडतात?’ असे एखादे चुणचुणीत मूल विचारतेच. या प्रश्नाचे उत्तर मुलांनी स्वतः शोधावे, हा प्रस्तुत पाठाचा उद्देश आहे.

पूर्वज्ञान

त्यासाठी लागणारे बरेचसे ज्ञान किनाऱ्यावरील मुलाजवळ असतेच. दिवसातून दोनदा भरती येते, ती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते, अमावास्या-पौर्णिमेस उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग असते, हे त्याने कर्लीच्या खाडीत वा आपल्या गावच्या बंदरावर पाहिलेले असते. शिक्षकांनी याच अनुभवापासून आरंभ करावा. नंतर खारबांधाकडे वळावे. खारबांधाची उघाडी ओहोटीच्या वेळी उघडते आणि शेतातील पाणी खाडीत जाते. भरतीच्या वेळी ती मिटते आणि खारे पाणी आत येत नाही. मग भर भरतीत मुसळधार पाऊस पडला तर शेतातील पाण्याचे काय होईल? ‘ते तुंबून राहील,’ हे उत्तर मुलांकडूनच यावे. पाठाचे अर्धे काम येथेच झाले.

विषयविवेचन

मुंबई मूळची सात बेटांची. त्यांच्यामधील खाड्या व खाजणे भरून काढून आजचे शहर उभे राहिले. त्यामुळे शहराचे कित्येक सखल भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीहून फारसे उंच नाहीत. आपल्याकडे पावसाचे पुष्कळ पाणी जांभ्याच्या कातळातून आणि भाताच्या खाचरांतून जिरत, थांबत व्हाळाला मिळते. शहरात जमीन फरसबंद असल्यामुळे जवळजवळ सर्व पाणी एकदम गटारांत येते. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला सुमारे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली होती. समुद्राकडील बहुतेक मुखांना उघाडीसारखे दार नव्हते. भरतीस समुद्राचे पाणी तेथूनच उलट आत शिरे.

आता २६ जुलै २००५ हा दिवस घ्यावा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. शहराच्या दक्षिण टोकास कुलाबा येथे मात्र तो केवळ ७३ मिलिमीटर होता. ९४४ ला २४ ने भागल्यास तासाची सरासरी ३९ मिलिमीटरांहून अधिक येते; प्रत्यक्षात बराचसा पाऊस दुपारनंतरच्या थोड्या तासांतच कोसळला, आणि त्याच दुपारी समुद्रास भरती होती. शिक्षकांनी वर्गाच्या भिंतीवर जमिनीपासून ९४ सेंटिमीटरवर खडूने रेघ ओढावी. ती पहिलीतील मुलाच्या खांद्यापाशी येते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. तेव्हा पंधरा लिटरचा हंडा धरल्यास एवढ्याशा जागेत सुमारे ६३ हंडे पाणी पडले, हे मुलांनी स्वतः काढावे. मिठी नदीस पूर आला, दूरध्वनी बंद पडले, शेकडो माणसे दगावली. हजारो माणसे रात्रभर पाण्यातून आणि रुळांवरून चालत घरी गेली. वाटेतील रहिवाशांनी अनोळखी वाटसरूंस चहा, बिस्किटे व आसरा दिला.

त्यानंतर शहरात हाजीअली, इर्ला इत्यादी ठिकाणी मोठी उदंचन केंद्रे उभारण्यात आली. भरतीच्या वेळी तेथील दारे मिटतात आणि पंप आतील पाणी उचलून समुद्रात टाकतात. उघाडीचेच हे मोठे रूप होय. तरीही अतिवृष्टी आणि उधाण एकत्र आले म्हणजे सखल भागांत पाणी आजही साचते.

लोकलगाडी का थांबते?

भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. ३ फेब्रुवारी १९२५ पासून बोरीबंदर ते कुर्ला विजेवरील गाडी सुरू झाली. मुंबई दक्षिणोत्तर लांब व अरुंद. कचेऱ्या पूर्वापार दक्षिणेकडे आणि स्वस्त घरे उत्तरेकडे. म्हणून सकाळी दक्षिणेकडे जाणाऱ्या आणि सायंकाळी उत्तरेकडे परतणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. मालवणहून कुडाळला जाऊन परत यावे, जवळजवळ तेवढे. इतका प्रवास एका बाजूने, रोज! तिघांच्या बाकावर चौथा टेकतो, त्यास ‘चौथी सीट’ म्हणतात; कित्येकांस तीही मिळत नाही.

या गाडीची विद्युत् यंत्रे डब्यांच्या तळाशी असतात. रुळांवर पाणी चढले की ती बिघडण्याचा संभव असतो. सिग्नलची यंत्रणा रुळांतील विद्युत्प्रवाहावर चालते; पाण्याने तीही बिघडते. म्हणून कुर्ला, शीव यांसारख्या सखल जागी पाणी भरले की गाड्या थांबवाव्या लागतात. गाडी थांबते ती प्रवाशांच्या रक्षणासाठी, हे मुलांच्या मनावर ठसवावे.

प्रयोग

एका डब्याला तळाशी भोक पाडून त्यात पपईच्या पानाचा पोकळ देठ बसवावा व सांध्यास चिकणमाती लावावी. डबा परातीत ठेवून त्यात पाणी ओतावे. ते वाहून जाते. मग परात देठाच्या वरपर्यंत भरून पुन्हा पाणी ओतावे. डब्यातील पाणी आता परातीतील पाण्याच्या खाली उतरत नाही. डबा म्हणजे शहर, देठ म्हणजे गटार, परात म्हणजे समुद्र.

सावधगिरीचे शिक्षण

या वर्गातील कित्येक मुले उद्या मुंबईस जातील. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या अरुंद पुलावर पावसामुळे माणसे थांबून राहिली, मागून नवी गर्दी आली, आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. भय न घालता पुढील गोष्टी सांगाव्यात : जिन्यावर थांबू नये, गर्दीत ढकलू नये, दारात लोंबकळू नये, तुंबलेल्या पाण्याखाली गटाराचे झाकण उघडे असू शकते, म्हणून त्यात उतरू नये, ओहोटी लागेपर्यंत सुरक्षित जागी थांबावे आणि घरी तसे कळवावे.

स्वाध्याय

१. अमावास्येपासून पंधरा दिवस भरतीची वेळ वहीत नोंदवा.
२. सरळ कडांच्या डब्यात जमलेला पाऊस रोज मोजपट्टीने मोजा. एका दिवसात सर्वांत जास्त किती पडला? ९४४ मिलिमीटर त्याच्या किती पट होतात?
३. मुंबईतील आपल्या आप्तास पत्र लिहून विचारा : घरातून किती वाजता निघता? स्थानक कोणते? गाड्या बंद पडल्या तर कोठे थांबता?

आलेली उत्तरे वर्गात वाचून दाखवावीत व ती स्थानके फलकावरील नकाशात मुलांकडून दाखवून घ्यावीत.