सुईण व आशा : चढाओढ कीं सहकार्य?

निर्गमाच्या पहिल्या अध्यायांत शिप्रा व पुवा ह्या दोन सुइणींचीं नांवें जोडीनें आलीं आहेत. एकीचें श्रेय दुसरीपासून निराळें काढलेलें नाहीं. आमच्या गांवांत मात्र बाळंतपणाच्या कामांतील बायांत पुष्कळदां चढाओढ दिसते. तिचें मूळ व तिजवरील उपाय ह्यांचा विचार ह्या पाठांत करूं.

१. चढाओढीचें मूळ. पूर्वीं सुईण बाळंतपण करी, आणि तिला धान्य, लुगडें व थोडे पैसे मिळत. तोच तिचा मान व तीच तिची मिळकत. २००५ सालीं जननी सुरक्षा योजना सुरू झाली, आणि गर्भवतीस दवाखान्यांत नेण्याबद्दल आशेला मोबदला मिळूं लागला. दवाखान्यांत जाणें हिताचेंच आहे. अतिरक्तस्राव, झटके किंवा अडलेलें मूल ह्यांवर घरीं इलाज होत नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत शंभरांपैकीं सुमारें ९५ बाळंतपणें दवाखान्यांत झालीं. परंतु सुइणीची मिळकत गेली, व तिला कोणी विचारीनासें झालें. तेव्हां ह्या बाया स्वभावानें भांडखोर आहेत असें म्हणूं नये. एकीच्या पोटावर पाय दिल्यावांचून दुसरीला पैसा मिळत नाहीं, तेथें सलोखा कसा टिकावा? आणि ह्या भांडणाची किंमत बाळंतिणीस द्यावी लागते. सुईण रागानें वेळेवर कळवीत नाहीं, आशा तिचें बोलणें हसण्यावारी नेते, आणि गाडी येईपर्यंत उशीर होतो.

२. सहकार्याचें उदाहरण. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेनें १९९५ पासून ३९ गांवांत नवजात बालकांची घरींच काळजी घेण्याचें काम चालविलें. तेथें सुइणीला दूर सारिलें नाहीं. बाळंतपण सुइणीनें करावें, आणि जन्मतांच बाळाकडे आरोग्यदूत बाईनें पाहावें, अशी वाटणी होती. ही बाई बाळाचें वजन करी, त्यास ऊब देई, व जंतुसंसर्ग ओळखून औषध देई. दर हजार जन्मांमागें पहिल्या २८ दिवसांत होणारे मृत्यु सुमारें ६२ होते. ते १९९८ पर्यंत सुमारें २५ वर आले. वाटणी स्पष्ट असल्यानें दोघींना एकाच खाटेपाशीं जागा मिळाली, हें ध्यानांत ठेवावें.

३. आपलें कर्तव्य. २०१६ सालीं केंद्र सरकारनें सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळीं बाळंतिणीजवळ एक सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली. घरच्यांची इच्छा असल्यास व दवाखान्याची संमति घेऊन ही सोबत सुइणीनें करावी. धीर देणें, पाठ चोळणें, बाळाला लवकर अंगावर पाजविणें, हीं कामें तिला चांगलीं येतात. कळा सुरू होतांच तिनें आशेला निरोप द्यावा. पुढें आशा ४२ दिवसांत सहा वेळां घरीं येते, तेव्हां सुइणीनें पाहिलेलें तिनें ऐकून घ्यावें. घरच्यांनींही सुइणीचें लुगडें बंद करूं नये. उपदेशक बंधूंनीं एकीची बाजू न घेतां दोघींस एकत्र बसवून हें ठरवून द्यावें.

विचारासाठीं प्रश्न :
(१) आपल्या गांवांत सुईण व आशा एकमेकींशीं बोलतात काय?
(२) रात्रीं कळा सुरू झाल्यास प्रथम कोणास कळवावयाचें, हें प्रत्येक घरीं ठाऊक आहे काय?
(३) सुइणीचा मान व मिळकत राखण्यासाठीं आपण काय करूं?