उत्तर सापडले, तरी कोडे सुटलेले नसते

मराठी दैनिकांतली बहुतेक शब्दकोडी सरळ असतात. अर्थ दिलेला असतो, आपण समानार्थी शब्द घरांत भरायचा. गूढ शब्दकोड्याचे शोधसूत्र मात्र वरवर भलतेच काही सांगते. त्यात एक वाट अर्थाची असते, दुसरी अक्षरांच्या जुळणीची, आणि दोन्ही वाटा एकाच शब्दाशी येऊन मिळाव्या लागतात. १९१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे आले, ते सरळच होते. १९२६ पासून लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये एडवर्ड पॉविस मॅथर्स ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने निव्वळ गूढ कोडी घालू लागले. आपल्याकडे ‘द हिंदू’चे इंग्रजी कोडे १९७१ पासून चालू आहे. श्लेष आणि कूट अभंग पिढ्यान्‌पिढ्या पचवलेल्या मराठीला हा खेळ परका वाटण्याचे कारण नाही.

खालची बहुतेक सूत्रे मुद्दाम वऱ्हाडातल्या इंझोरी गावाच्या परिसरातली, तिथल्या पिकांची आणि गावांची घेतली आहेत. मानोरा तालुक्यातल्या कुणालाही ती जागच्या जागी पडताळून पाहता येतील.

काय करावे

सूत्राचे दोन तुकडे पाडा. उत्तराचा सरळ अर्थ सूत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो, मध्ये कधीच नाही. ‘भडिमारात अडकला इंग्रजी नकार, तेच इंझोरीचे तालुक्याचे ठिकाण (३)’. स्वल्पविरामानंतरचा भाग म्हणजे अर्थ. भडिमार म्हणजे मारा, इंग्रजी नकार म्हणजे नो. ‘मारा’च्या पोटात ‘नो’ गेला की मानोरा.

घरे मोजताना अक्षर धरा. कंसातला आकडा अक्षरांचा असतो. जोडाक्षर, मात्रा, अनुस्वार सगळे आपापल्या अक्षरासह एकाच घरात बसतात. म्हणून ‘वत्सगुल्म’ला चार घरे लागतात: व, त्स, गु, ल्म. शब्द उलटवतानाही मात्रा अक्षराला धरूनच फिरते. ‘काम उलटले की मिळणारे धान्य (२)’ याचे उत्तर मका.

इशाऱ्याचा शब्द हेरा. उलटले, परतला, माघारी फिरली म्हटले की शब्द मागून वाचायचा. बिघडले, विस्कटले, चुकले म्हटले की अक्षरांची फिरवाफिरव करायची. पोटात, अडकला, कोंडले म्हणजे एकात दुसरे. ‘कलम बिघडले, फूल उमलले (३)’: कमल. ‘“तू रडू नकोस” म्हणताना मध्येच आलेले पीक (२)’: तूर. यात काहीच हलवायचे नाही, पीक आहे तिथेच लपलेले आहे.

क्रियापदाचे लिंग पाहा. ही सोय इंग्रजी कोडेकाराला नाही, मराठीने ती आपल्याला फुकट दिली आहे. ‘दीन परतला आणि वाहती झाली (२)’. परतला तो दीन, पण वाहती झाली ती कोण? उत्तर स्त्रीलिंगी आहे हे सूत्रच सांगते, आणि ‘दीन’ मागून वाचला की नदी.

इशाराच नसेल तर श्लेष शोधा. ‘नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावी उसळते पाणी (३)’. इथे अक्षरांची मोडतोड अजिबात नाही, दोन अर्थ शेजारी ठेवले आहेत. कारंजा हे गाव आणि कारंजा म्हणजे पाण्याचा फवारा. मला ही जात सगळ्यांत आवडते, कारण उत्तर कळल्यावर सूत्रातला एकही शब्द उरत नाही.

ऱ्हस्व-दीर्घ आधी ठरवून घ्या. मराठीत सर्वाधिक वाद इथेच होतात, म्हणून जरा थांबून सांगतो. ‘नवी मुंबईच्या एका उपनगरानंतर मराठीची सुरुवात, तेच जुने वत्सगुल्म (३)’. वाशीला म जोडला की वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सूत्र चोख आहे, पण सरकारी पाट्यांवर ‘वाशिम’ असे लिहिलेले असते आणि ‘शि’ घेतला की सगळी जुळणी कोसळते. उभ्या शब्दातही तेच अक्षर येत असेल तर तोही शब्द अडतो. रचणाऱ्याने कोणते लेखन धरले आहे ते कोड्याच्या माथ्यावर छापावे. सोडवणाऱ्याने ‘शि’ आणि ‘शी’ एकच मानून पुढे जाऊ नये. ही सवलत एकदा घेतली की दिन आणि दीनसुद्धा एकच होऊन बसतात.

प्रत्यय सोलून पाहा. भडिमारात, उपनगरानंतर यांमधला मूळ शब्द मोकळा करा, मगच त्याला प्रतिशब्द शोधा.

काय टाळावे

उत्तराला शोभेल असा खुलासा मागाहून बेतू नये. आडव्या-उभ्या अक्षरांवरून शब्द सुचतो, तो घरांत बसतोही, आणि मग सूत्राला पिळून त्यातून काहीतरी कारण काढले जाते. खरी उकल कशी असते ते सांकेतिक लिपीवरून कळते. वऱ्हाडाच्या मातीत वाढलेल्या महानुभाव पंथाने आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांमुळे त्यांतला मजकूर पंथाबाहेरच्या वाचकांपर्यंत आला. अशा लिपीची किल्ली एका ओळीला लागून भागत नाही. पानामागून पान तिनेच उघडावे लागते, तेव्हाच ती खरी. सूत्राच्या खुलाशाला हीच कसोटी लावा. एक शब्द जरी हिशेबाबाहेर राहिला तरी उत्तराशेजारी प्रश्नचिन्ह ठेवा.

विरामचिन्हांवर भिस्त ठेवू नये. वर मानोऱ्याच्या सूत्रातला स्वल्पविराम मदतीला आला. पुढच्या सूत्रात तो चकवायलाच बसलेला असेल.

दोन्हीकडून वाचता येणारे सूत्र रचू नये. ‘काम उलटे धान्य (२)’. उत्तर मका की काम? ‘काम उलटे’ असे वाचले तर मका, ‘उलटे धान्य’ असे वाचले तर काम. सोडवणारा दोन्ही वेळा बरोबर आहे आणि दोष पूर्णपणे रचणाऱ्याचा आहे. इशारा मध्ये न ठेवता एका टोकाला नेला की हा घोळ मिटतो.

ज्या शब्दाची अक्षरे फिरवायची त्याला प्रत्यय लावू नये. ‘मक्याला उलटवले’ असे लिहिले तर सोडवणाऱ्यासमोर ‘मका’ नसतोच, ‘मक्या’ असतो. प्रतिशब्द घ्यायचा असेल तिथे प्रत्यय चालतो, अक्षरे घ्यायची असतील तिथे चालत नाही.

वाक्य सजवायला फालतू शब्द घालू नयेत. ‘झिमेनेस’ या नावाने कोडी रचणाऱ्या मॅकनट यांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात हा दंडक घालून दिला: नेमका अर्थ, न्याय्य जुळणी, बाकी काही नाही. वाचणाऱ्याला फसवा, पण खोटे सांगू नका.

समजावताना उत्तर आधी सांगू नये. ‘अरे, कारंजा!’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या हाती फक्त शब्द पडतो, पुढचे सूत्र त्याला पुन्हा तितकेच अवघड जाते. आधी विचारा, अर्थ कोणत्या टोकाला आहे? मग, इशाऱ्याचा शब्द कोणता, की श्लेष आहे? त्यावरही अडले तर पहिले अक्षर द्या. शाळकरी पोर असेल तर तिला पाटीवर अक्षरे सुटी लिहून हाताने फिरवू द्या. उत्तर तिच्या तोंडून आले की ‘उसळते पाणी’ कुठे गेले आणि ‘जन्मगाव’ कुठे गेले, हेही तिच्याकडूनच वदवून घ्या.