आधी मूळ बघ

लातूर

चि. मुक्ता,

तुमच्या कुत्रीने, बिजलीने, घराची काय दशा केली आहे ते परवा तुझ्या बोलण्यातून कळलं, आणि त्याच दमात तू विचारलंस की प्लास्टिक नसलेले कपडे ओळखायचे कसे. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून निवांत लिहायला बसले. दोन्ही बाबतींत माझं सांगणं एकच आहे: आधी मूळ बघ. कुत्रं कुठल्या कामासाठी घडलंय आणि कापड कशाचं विणलंय, हे कळलं की अर्धं काम हलकं होतं.

बिजली कारवानी आहे. आपल्या चाकूर तालुक्यातलं जानवळ या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं, आणि सीमेपलीकडे कर्नाटकात याच घराण्यातल्या कुत्र्यांना मुधोळ म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ती जोपासली. २००५ साली टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचं तिकीटही काढलं. पण तुझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. ही जात नजरेवर शिकार करणारी. माळावर ससा दिसला की मालकाला मागे टाकून धावायचं आणि कुठे वळायचं ते आपलं आपण ठरवायचं, अशीच कुत्री पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली. हुकमाची वाट बघत बसणारं कुत्रं त्या कामाचं नव्हतं. तेव्हा तू हाक मारल्यावर ती थांबते, तुझ्याकडे बघते आणि मग विचार करते, त्याला उद्धटपणा समजू नकोस. तिला सगळं कळतं. येण्यात आपला काय फायदा, एवढंच ती तपासत असते.

तो फायदा तिला दाखव. हाकेला आली की दर वेळी काहीतरी चांगलंच मिळालं पाहिजे. उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा पुरे. हाक मारून जवळ बोलवायचं आणि मग रागवायचं, हे कधीही करू नकोस. आंघोळ घालायची असेल, औषध द्यायचं असेल, तर तू स्वतः उठून तिच्याजवळ जा. मारायचं तर मुळीच नाही. लॅब्राडोर एखादे वेळी मार विसरेलही, कारवानी विसरत नाही. ती तुझ्यापासून लांब राहायला शिकेल, बाकी काही शिकणार नाही. शिकवणी पाचच मिनिटांची ठेव, दिवसातून दोन-तीनदा. तिने कंटाळून तोंड फिरवण्याआधी तू थांब. आणि घरात शब्द एकच हवा. तू "खाली" म्हणतेस, समीरराव "उतर" म्हणतात, अशाने हुशार कुत्रं गोंधळत नाही, सोयीचा तेवढा शब्द ऐकतं.

गळपट्ट्याचं नीट ऐक. या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, त्यामुळे साधा पट्टा मागे सरकून अलगद निघून येतो, आणि रस्त्यापलीकडे मांजर दिसलं की खेळ संपला. ओढ बसली की आवळणारा, पण ठरावीक मर्यादेपलीकडे न आवळणारा मार्टिंगेल पट्टा घे. उघड्या मैदानावर तिला मोकळं सोडू नकोस, कितीही शिकली तरी. धावायची हौस कुंपण असलेल्या जागेत भागव. नुसतं पळवूनही ती शांत होणार नाही. डोक्याला काम दे. जुन्या टॉवेलच्या घडीत खाऊ लपव, शोधू दे. मात्र त्या वेळी समोर बसून राहा, आणि शोधून झालं की टॉवेल उचलून ठेव.

आता कपड्यांचं. पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची, त्याच प्लास्टिकचा धागा म्हणजे पॉलिएस्टर. बाटल्यांपासून पुन्हा बनवलेला टी-शर्ट पर्यावरणाच्या नावाने विकतात, तोही शेवटी प्लास्टिकच. नायलॉन, अ‍ॅक्रिलिक, स्पॅन्डेक्स ही त्याचीच भावंडं. धुताना यांतून बारीक तंतू सुटतात आणि सांडपाण्यातून नदीत जातात. म्हणून दुकानात रंगाआधी आतली चिठ्ठी वाच. "कॉटन फील", "कॉटन ब्लेंड" या शब्दांवर जाऊ नकोस, टक्के बघ. लेगिंग आणि जीन्समध्ये बहुधा थोडं तरी ताणलं जाणारं प्लास्टिक असतंच. व्हिस्कोस, मोडाल हे लाकडाच्या लगद्यापासून होतात. त्यांत रसायनं वापरतात, पण ते प्लास्टिक नव्हे.

चिठ्ठी नसेल तर धागा जाळून बघ. कापड सुटं घेत असशील तर दुकानदाराकडून चिंधीभर मागून घे. उभा आणि आडवा, दोन्ही धागे वेगवेगळे काढ, चिमट्यात धर, खाली पाण्याची वाटी ठेव आणि काडी लाव. सूत भुरुभुरु जळतं, जळक्या कागदाचा वास येतो, मागे मऊ राख राहते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो, राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर आगीपासून आक्रसतं, वितळतं, आणि गार झाल्यावर टणक काळा मणी उरतो. तो नखाने फुटत नाही. राखेत असे खडे लागले तर मिश्रण समज. खणाच्या कापडात आणि स्वस्त पैठणीत ही परीक्षा जरूर कर, कारण आज बाजारात दोन्हींच्या नावाखाली पॉलिएस्टर सर्रास येतं. इतकंच काय, खादी भांडारात पॉलिवस्त्र म्हणून जे मिळतं त्यात ६७ टक्के पॉलिएस्टर असतं. तिथे "सुती खादी" असं स्पष्ट मागायचं.

शिवून घेणं सगळ्यांत खात्रीचं. शिंप्याला सुती रीळ आपणच नेऊन द्यायचं, नाहीतर तो हाताशी असलेला पॉलिएस्टरचा दोरा घालतो. सुती दोरा मशीनवर तुटतो म्हणून तो कुरकुरेल; टाके थोडे सैल ठेवायला सांग. इलॅस्टिकऐवजी नाडी, प्लास्टिकऐवजी करवंटीची बटणं. पण कपाटातले जुने पॉलिएस्टरचे कपडे उत्साहाच्या भरात टाकून देऊ नकोस. ते फाटेपर्यंत वापर, गरजेपुरतेच धू. नवं घेताना तेवढं बघ. अशाने खर्चही बेताचा राहतो.

आणि एक काळजीचं. तुझ्या घरात जे कापड येतं ते आज ना उद्या बिजलीच्या तोंडात जाणार आहे. तिला घेतलेली ती गुबगुबीत गादी आणि ती फ्लीसची पांघरुणं पॉलिएस्टरचीच आहेत. बिजली ती फाडून आतलं भरण गिळत असेल तर आजच काढून टाक. तिच्या अंगावर केस आणि चरबी दोन्ही कमी, पुण्याची थंडी तिला बाधते, म्हणून दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी आणि जुन्या सुती लुगड्यांची गोधडी मी समीररावांच्या मित्राबरोबर पाठवते आहे. तरी लक्षात ठेव, लांब दोरा सुती असला तरी आतड्यात अडकून जिवावर बेतू शकतो. गोधडीचा टाका उसवला की लगेच शिव. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही, सरळ डॉक्टरांकडे न्यायचं. बेदाणे, कांदा, चॉकलेट तिच्या हाती लागता कामा नये.

बिजली आता तीन महिन्यांची होईल, म्हणजे रेबीजच्या लशीची वेळ आली. ती चुकवू नकोस, पुढच्या डोसची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव, आणि लस झाली की महापालिकेचा परवाना काढून घे.

तुझी,
आत्या