धम्मपाठ : कूटदंत सुत्त आणि हाताला काम



दीघनिकायातील कूटदंत सुत्तात महाविजित राजाची कथा आहे. राजाला मोठा यज्ञ करावयाचा होता. राज्यात मात्र चोऱ्या आणि वाटमारी माजली होती. पुरोहिताने त्याला बजावले, की अशा वेळी नवा कर बसविणे अन्यायाचे होईल, आणि चोरांना ठार मारून वा कैदेत टाकूनही चोरी मिटणार नाही. शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला अन्न व वेतन द्या. राजाने ऐकले, आणि लोक दारे उघडी टाकून राहू लागले.

कथा थोर आहे, पण यात सारे राजाच्या मर्जीवर आहे. त्याने ऐकले नसते तर? मर्जीच्या जागी कायदा लागतो. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ मध्ये तो कायदा झाला.

आपल्या वऱ्हाडात हा प्रश्न पोटाचा आहे. धर्मांतरानंतर आपल्या वडिलधाऱ्यांनी गावकीची कामे टाकली, तिच्याबरोबरची भाकरीही गेली. उरली मजुरी. त्यात अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूरकडील खारपाणपट्ट्यात जमिनीतले पाणी खारे, विहिरीवर ओलीत होत नाही. कापूस वेचून झाला, पऱ्हाटी उपटली, की मृगापर्यंत बसून राहा, नाहीतर मुलाबाळांसह वीटभट्टी गाठा.

१९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडीत होती. त्या सुमारास वि. स. पागे यांनी पुढे आणलेली रोजगार हमी योजना राज्यभर गेली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैशासाठी १९७५ पासून शहरातील नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, आणि तितकीच भर सरकारने घालावयाची ठरले. शहरातल्या पगारातून खेड्यातला बांध! पुढे २००५ साली केंद्राने कुटुंबामागे १०० दिवसांचा देशव्यापी कायदा केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांचा नवा कायदा संमत केला.

कायदा झाला, तरी आपली माणसे अजून काम मागतात ती चावडीपुढे उभे राहून, हात जोडून. “सध्या काम नाही” असे उत्तर मिळते आणि ती परत येतात. तोंडी मागणीची कुठेच नोंद राहत नाही. १९७७ च्या आणि २००५ च्या, दोन्ही कायद्यांत १५ दिवसांत काम, नाहीतर बेकार भत्ता, अशी तरतूद होती. पण ते १५ दिवस मोजायचे कधीपासून? लेखी अर्जाच्या तारखेपासून. तारीखच नसेल तर भत्ता मागणार कशाच्या आधारावर? भत्ता फारसा कुणाला मिळाला नाही, याचे एक कारण हेही आहे.

म्हणून अर्ज लेखीच द्यावा. एकट्याने जाऊ नये, दहा-वीस जणांनी मिळून जावे, बायाबापड्यांची नावे वेगळी लिहावीत. मजुरीचा दर बाई-माणसाला सारखाच आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज विहारात बसून शाळेतल्या पोराने लिहावा. आणि तारखेची पोच हातात पडल्याशिवाय ग्रामपंचायतीची पायरी उतरू नये.